‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, या विषयावर येणाऱ्या पत्रांत ऐकीव माहिती फार असते, आणि ती बहुतेक सगळ्यांकडे सारखीच असते. म्हणून या वेळी नेहमीच्या प्रश्नांना एकत्र उत्तरं देते आहे. पत्र वाचून निदान होत नाही. बाळाला बघावं लागतं, त्याच्याशी खेळावं लागतं. त्यामुळे खालचं कुठलंही उत्तर तपासणीच्या ऐवजी धरू नका.

मुलगा २६ महिन्यांचा आहे. ‘आई’, ‘बाबा’, ‘भूभू’ म्हणायचा, आता तेही बंद झालं. हाक मारली तर बघत नाही, पण टीव्हीवर जाहिरात लागली की आतल्या खोलीतून पळत येतो. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही चार वर्षांपर्यंत बोलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांचा होऊ दे, मग बघू. थांबावं का? — एक आई, सांगली

नाही. एक महिनाही थांबू नका.

आलेले शब्द गेले, ही एकच गोष्ट वय न बघता लगेच तपासणीला न्यायला पुरेशी आहे. सोबत झटके येत असतील, मूल मध्येच काही क्षण टक लावून हरवल्यासारखं होत असेल, तर त्याच दिवशी न्या.

आता ‘थांबून बघू’बद्दल. ऑटिझमच्या बाबतीत मुलांचं सर्वांत मोठं नुकसान या दोन शब्दांनी केलं आहे, असं मला वाटतं. जावळ काढलं की बोलेल, शाळेत घातलं की बोलेल, भावंड झालं की बोलेल, मुलगे उशिराच बोलतात. हे ऐकता ऐकता मूल साडेचार वर्षांचं होतं, बालवाडीतून ‘याला घरीच ठेवा’ असा निरोप येतो आणि मग आईवडील माझ्यासमोर बसतात. त्यातल्या बहुतेक आयांना दीड वर्षाच्या वयातच काहीतरी वेगळं जाणवलेलं असतं. त्यांनी ते बोलूनही दाखवलेलं असतं, पण ‘तू उगाच काळजी करतेस’ म्हणून घरच्यांनी त्यांना गप्प केलेलं असतं. वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. पण गेलेली तीन वर्षं त्या हेतूने परत येत नाहीत.

घरचे शब्द मोजत बसतात. मी आधी शब्दांच्या मागचं बघते. वर्षाचं बाळ हाकेला वळतं. वर्ष-सव्वा वर्षाचं बाळ बोट दाखवतं, आणि ते दोन कारणांसाठी: एक, ‘मला ते दे’ म्हणून, आणि दुसरं, ‘आई, ते बघ ना’ म्हणून. हे दुसरं बोट फार मोलाचं. विमानाचा आवाज आला की बाळ वर बोट करतं, लगेच आईच्या तोंडाकडे बघतं आणि परत वर बघतं. त्या क्षणी त्याला आईकडून काहीच नको असतं, फक्त तिलाही ते दिसावं एवढंच हवं असतं. माझ्या तपासणीच्या खोलीत मी छताकडे हात करून ‘अरे, पंखा बघ!’ म्हणते आणि बाळाची नजर माझ्या बोटाच्या टोकावर थांबते, पंख्यापर्यंत जाते, की हातातल्या गाडीच्या चाकावरून हलतच नाही, ते बघते. आईला विचारते, ‘त्याला फ्रिजमधलं काही हवं असेल तर काय करतो?’ ‘माझं मनगट धरून नेतो आणि माझा हात दारावर ठेवतो,’ असं उत्तर आलं, की पुढचं विचारते: ‘तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघतो का?’

म्हणून याच्या बाबांचा दाखला द्यायचा असेल, तर ते कधी बोलले हे सांगू नका. ते हाकेला वळत होते का, बोटाने दाखवत होते का, डबा कानाला लावून फोन-फोन खेळत होते का, ते सासूबाईंना आठवून बघायला सांगा. जे मूल खुणांनी सगळं सांगतं आणि फक्त शब्दांना उशीर करतं, त्याची गोष्ट निराळी. तुमच्या पत्रातलं मूल तसं वाटत नाही.

आणि ‘तीन वर्षांपर्यंत निदान होत नाही’ हेही खरं नाही. अनुभवी माणूस दोन वर्षांच्या आसपास बऱ्याच मुलांचं निदान खात्रीने करू शकतो. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली आहे. पालक ती दहा मिनिटांत भरतात. त्यातून निदान होत नाही, पुढे तपासायला हवं की नाही एवढं कळतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १८ आणि २४ महिन्यांच्या भेटीत प्रत्येक बाळाची ऑटिझमसाठी चाचपणी करायला सांगितलं आहे. आपल्याकडे दीड वर्षाचं बाळ लस टोचून, वजन करून घरी जातं. बोट दाखवतं का, हे बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही. तुम्ही स्वतःहून सांगा.

निदानाचा कागद हातात येईपर्यंत काम सुरू करायचं नाही, हा तर आणखी मोठा गैरसमज. अपॉइंटमेंट दोन महिन्यांनी असली तरी घरी आजपासून सुरुवात करता येते. मूल खाली बसलं असेल तर तुम्ही त्याच्यासमोर खाली बसा, त्याचं तोंड तुमच्या तोंडासमोर येईल असं. साबणाचे फुगे उडवा, मग नळी तोंडाशी धरून थांबा. काही बोलू नका, ‘बोल फुगा, बोल फुगा’ असा लकडा लावू नका. त्याने नजर वर केली, हात हलवला, नुसता ‘फ’ केला, की लगेच फुंकर मारा. दिवसातून पाच-सात वेळा, थोडा थोडा वेळ. हे किरकोळ वाटेल, पण अशाच प्रकारच्या कामाची गोवा आणि रावळपिंडीत पद्धतशीर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्याची बाजू ‘संगत’ या संस्थेने सांभाळली होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांचा मुलाबरोबरच्या खेळाचा व्हिडिओ काढायचा, तो त्यांच्याबरोबर बसून बघायचा आणि कुठे थांबायचं, कुठे प्रतिसाद द्यायचा ते शिकवायचं. ती मुलं आपणहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली. मोठं सेंटर नसलेल्या तालुक्याच्या गावातल्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

समजा, सहा महिने हे सगळं केलं आणि शेवटी कळलं की मूल फक्त उशिरा बोलणारं होतं. बिघडलं काय? आई त्याच्याशी जास्त खेळली, एवढंच. उलट थांबलो आणि ऑटिझम निघाला, तर ते सहा महिने गेले.

याच आठवड्यात करायचं ते असं. कानाची तपासणी करून घ्या. मुलाचे घरच्या खेळाचे दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात मुलं रडतात आणि काही दिसत नाही. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी बघणारे डॉक्टर, गाठा. जवळ कुणी नसेल तर अंगणवाडीताई किंवा आशाताईंना ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’बद्दल विचारा. तो २०१३ पासून सुरू आहे आणि त्यातून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. तिथली तपासणी मोफत असते.

एमआरच्या (गोवर-रुबेला) लसीनंतरच मुलगी बदलली. दुसऱ्या मुलाला लस देऊ नये असं म्हणतात. — एक वडील, लातूर

द्या. १९९८ मध्ये ज्या लेखातून ही भीती पसरली, तो त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून काढून टाकलं गेलं. लसीचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत येतो आणि ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या नजरेत भरतात तीही याच वयात, म्हणून संबंध वाटतो. मात्र धाकट्याच्या विकासावर पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवा, कारण भावंडात शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

घरी मराठी, शेजारी हिंदी, शाळा इंग्रजी. गोंधळ नको म्हणून मराठी बंद करायला सांगितलंय. — एक आई, ठाणे

बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. ज्या भाषेत तुम्हाला अंगाई येते, रागावता येतं, लाड करता येतात, तिच्यातच मुलाशी बोला.

जीभ चिकटलेली आहे, तार कापली की बोलेल असं एकाने सांगितलं. वेखंड उगाळून लावतो आहोत. — एक आजी, कराड

आजी, जीभ चिकटलेली असेल तर उच्चार अडतात, कधी दूध ओढायला त्रास होतो. पण त्यामुळे मूल हाकेला वळायचं थांबत नाही. कापण्याआधी वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. वेखंड बंद करा.

कोविडनंतर ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ म्हणतात तसं आमच्या मुलाला झालंय. मोबाइल बंद केला की जाईल ना? — आईवडील, हिंजवडी

या नावाचं कुठलंही मान्य निदान नाही. मोबाइल बंद करा, आजच करा. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या आत, तोही कुणीतरी शेजारी बसून. दिवसाचे चार-पाच तास पडद्यासमोर जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला माणसांशी बोलणं कमी येतं, आणि मोबाइल काढून त्या जागी खरोखर माणूस दिला तर काही मुलं लवकर सुधारतात. पण या नावाचा आधार घेऊन तपासणी पुढे ढकलू नका. पडद्याकडे ओढ हे काही मुलांमध्ये कारण नसून लक्षण असतं. मोबाइल बंद आणि तपासणी, दोन्ही एकाच वेळी.

स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी टोचण्याच्या तीन सेशनचं चार लाखांचं पॅकेज सांगितलंय. या महिन्यात भरले तर सवलत आहे. मुलांचे आधीचे-नंतरचे व्हिडिओ दाखवले. शेत विकून करावं का? — एक वडील, जालना

शेत विकू नका. एक रुपयाही देऊ नका.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर संशोधन-चाचणीतच करायचा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असं म्हटलं आहे. मंजूर चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. तुमच्याकडे पैसे मागितले, यातच उत्तर आलं.

व्हिडिओंबद्दल. या केंद्रांत पेशी टोचल्यावर पुढचे कित्येक महिने रोज स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी करायला सांगतात. मूल त्या थेरपीने आणि वाढत्या वयाने पुढे जातं, आणि श्रेय सुईला मिळतं. शिवाय लहानग्याला गुंगी देऊन कमरेतून सुई घालणं ही साधी गोष्ट नाही. शरीरातले ‘जड धातू’ काढणारं औषध, दाबाखालचा ऑक्सिजन हेही याच दुकानातले. धातू काढण्याच्या औषधाने अमेरिकेत २००५ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता. ‘महिनाअखेरपर्यंत सवलत’ म्हणणाऱ्याच्या हाती मूल देऊ नका. त्या पॅकेजचा काही कागद दिला असेल तर तो घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना भेटा.

पोळी आणि दूध बंद करावं का? ब्रेन टॉनिक? — एक आई, नगर

दोन्हींची उत्तरं नाही अशीच. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचं दूध-पोळी तोडली तर खरंच कुपोषण होतं. गव्हाची ॲलर्जी, तीव्र बद्धकोष्ठता, झोपेचा किंवा झटक्यांचा त्रास असेल तर ती वेगळी बाब, त्यासाठी डॉक्टरांना भेटा.

थेरपी सेंटरमध्ये आम्हाला आत बसू देत नाहीत. ४५ मिनिटांनी मूल बाहेर आणून देतात. बरोबर आहे का? — एक आई, नाशिक

नाही. आठवड्यातले ते दोन-तीन तास मूल त्यांच्याकडे असतं, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे. आत काय चाललंय ते तुम्हाला शिकवत नसतील तर पैसे वाया चालले आहेत. थेरपिस्टचं शिक्षण आणि नोंदणी विचारा. वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. विचारल्यावर राग आला तर सेंटर बदला. तीन महिन्यांचं ध्येय लेखी मागा: ‘संवाद सुधारणे’ असं मोघम नको, ‘पाणी हवं असताना चित्र दाखवून मागेल’ असं. बंद दाराआडून मूल रोज रडत बाहेर येत असेल, तर उद्यापासून पाठवू नका आणि ज्यांनी निदान केलं त्यांना सांगा.

गरोदरपणात रात्रपाळी केली, ताण घेतला. माझ्यामुळे झालं का? — एक आई, मुंबई

तुमच्यामुळे नाही. १९५०-६० च्या दशकांत आईच्या थंड वागण्यामुळे ऑटिझम होतो असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते आणि एका पिढीतल्या आयांनी ते ओझं वाहिलं. ते चूक ठरलं. याची मुळं मुख्यतः जनुकीय असतात. घरात कुणी टोमणे मारत असेल, तर पुढच्या भेटीला त्यांना सोबत आणा. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं कानावर पडतं.

अपंगत्वाचा दाखला काढला तर कायमचा शिक्का बसेल. शाळेने प्रवेश नाकारलाय. — एक वडील, कोल्हापूर

दाखल्यामुळे मूल बदलत नाही, त्याचे हक्क मात्र कागदावर येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारमान्य शाळेला अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही, आणि ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नकार लेखी मागा, शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. दाखल्यासाठी ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरून सरकारी रुग्णालयाच्या मंडळासमोर जायचं असतं. राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा काही खर्चही बसतो. जुन्या करप्रणालीत पालकांना ७५ हजारांची, तीव्र अपंगत्वाला सव्वा लाखाची वजावट मिळते. कर-सल्लागाराला विचारून घ्या.

ताटली पडली की दचकतो, गाण्यावर नाचतो. मग कानाची ‘बेरा’ तपासणी कशाला? — एक आई, सातारा

‘बेरा’ म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे यंत्रावर बघणं. काही आवाज ऐकू येणं म्हणजे बोलणं नीट ऐकू येणं नव्हे. एखाद्या पट्टीतले आवाज ऐकू येत नसतील तर ताटली कळते, ‘स’ आणि ‘श’ कळत नाहीत. जिल्हा रुग्णालयात विचारा, मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही तपासणी होते. मूल झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि सकाळची वेळ घ्या.