पीबीएलमध्ये (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, म्हणजे छोट्या गटात एखादी समस्या किंवा रुग्णाची केस सोडवत शिकणं) गटासोबत बसणारा ट्यूटर त्या विषयातला तज्ज्ञ असावा, की नुसता चर्चा चालवणारा?

दोन्ही हवं, पण ज्ञान कधी बाहेर काढायचं हे कळणं जास्त महत्त्वाचं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 1969 मध्ये ही पद्धत सुरू झाली, तेव्हा भर होता तो ट्यूटरने व्याख्यान न देता वाट दाखवण्यावर. पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या श्मिट आणि मौस्ट या संशोधकांनी मांडलं की विषयाचं ज्ञान आणि विद्यार्थ्यांबद्दलची आपुलकी एकत्र आली, तरच ट्यूटरला त्यांच्या पातळीवर येऊन बोलता येतं. मला हे मनापासून पटतं.

एका रुग्णाची केस घ्या. पाय सुजलेत, रात्री आडवं झालं की दम लागतो. विद्यार्थी म्हणतो, “हार्ट फेल्युअर” (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणं). व्याख्याता वृत्तीचा ट्यूटर लगेच फळ्याकडे वळतो आणि गट वह्या उघडून लिहायला लागतो. तिथेच चर्चा संपते. चांगला ट्यूटर विचारतो, “बरं, मग आडवं झाल्यावरच दम का? पायातलं पाणी जातं कुठे?” हा प्रश्न सुचायला फिजिऑलॉजी (शरीर कसं चालतं याचं शास्त्र) पक्की लागते, म्हणून अगदीच अनोळखी विषयाचा ट्यूटर इथे कमी पडतो. दुसरं टोक म्हणजे तासभर गप्प बसणारा. गट भरकटला तरी तो हूं की चूं करत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांचे त्यात फार हाल होतात. त्यांना सुरुवातीला जास्त आधार द्यावा, सरावले की हात हळूहळू काढून घ्यावा.