मोटरहोममधून कुत्र्या-मांजराला घेऊन पहिल्यांदा सीमा ओलांडताना

पहिलीच सफर आहे ना, मग रस्ता आखण्याआधी तारखा मोजा. नवे लोक इथेच चुकतात. युरोपीय संघात शिरायचं तर आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप), मगच रेबीजची लस. क्रम उलटा झाला तर ती लस धरतच नाहीत, पुन्हा टोचून घ्यावी लागते. पहिल्या लशीनंतर 21 दिवस थांबायचं, आणि पिल्लू 12 आठवड्यांचं होईपर्यंत लस चालत नाही.

चिपचा 15 अंकी नंबर स्कॅनरवर आणि कागदावर एकच आहे ना, हे डॉक्टरांसमोरच ताडून घ्या. माझ्या कुत्रीच्या दाखल्यावर एक अंक चुकला होता. नाक्यावर दीड तास तिला मांडीवर घेऊन बसले, बिचारी थरथरत होती.

आणखी थोडं:
- ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, नॉर्वे, माल्टा: कुत्र्याला पोहोचण्याआधी 24 ते 120 तासांत डॉक्टरांकडून जंताचं औषध, नोंदीसकट.
- बाहेरून युरोपीय संघात मांसाचं खाणं नेऊ नका. काढून घेतात.
- नाक्यावर गाडीचं दार उघडण्याआधी पट्टा बांधा. मांजर असेल तर थेट पिंजऱ्यात.

बाकीचं पुढच्या सफरीला. तारखा जुळल्या की बिनधास्त निघा, तुम्हाला नक्की जमेल.