मुलाच्या संस्थेला २० लाखांची देणगी द्यावी का?

कोल्हापूरच्या एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचं वय ६३, पत्नीचं ५८. मुलगा २७ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी, सोबत बौद्धिक अक्षमता आणि फिट्स. मुलगी लग्न होऊन पुण्यात. मूळ निवृत्तिवेतन ३२,०००, महागाई भत्ता धरून हाती ४८ हजारांच्या आसपास. पाचगावचा प्लॉट विकून, कर भरून ३८ लाख शिल्लक आहेत. मुलगा ज्या संस्थेच्या डे-केअरला बरीच वर्षं जातो, ती आता मोठ्या मुलांसाठी निवासी केंद्र बांधते आहे. "तिथं २० लाख दिले तर आमच्या माघारी त्याची सोय होईल, ८० जी च्या आयकर वजावटीमुळे करही वाचेल. द्यावेत का?"

गुरुजी, २० लाख देऊ नका. संस्थेला जरूर द्या, पण मुलाची सोय म्हणून देऊ नका.

देणगी दिली की तो पैसा संस्थेचा झाला, त्यावर तुमचा किंवा मुलाचा हक्क उरत नाही. आजचे विश्वस्त तुम्हाला ओळखतात, मुलाला नावानं हाक मारतात. वीस वर्षांनी खुर्चीत दुसरी माणसं असतील. त्यांच्यापुढं रात्रंदिवस मदतनीस लागणारा तुमचा मुलगा आणि रिकामी एकच खाट असेल, तेव्हा तुमच्या पावतीच्या आधारे कुणी भांडू शकणार नाही. आणि देणगीच्या बदल्यात जागा असं लेखी घेतलंत, तर ती देणगीच राहत नाही, ८० जी चा प्रश्न तिथंच संपतो.

तसाही ८० जी चा तुम्हाला उपयोग नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न १२ लाखांच्या बरंच आत आहे, नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्यच येतो आणि तिथं ही वजावट मिळतही नाही. जुनी प्रणाली घेतली तरी दीर्घकालीन भांडवली नफ्यातून ८० जी वजा होत नाही, म्हणजे प्लॉटवर भरलेला कर परत येणार नाही.

आता मुलाचा हिशोब. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण शरीरावरचा तिचा परिणाम वयाबरोबर वाढतो. स्नायू आखडतात, खुब्याचा सांधा सरकतो, पाठीचा कणा वाकतो. आज काकू त्याला भात मऊ कालवून, प्रत्येक घास गिळेपर्यंत थांबून भरवतात. एका जेवणाला पाऊण तास सहज जातो. हे काम पगारी माणसाकडून करून घ्यायचं, तर दिवसाचा एक आणि रात्रीचा एक असे दोघं लागतील. त्यांचे पगार, औषधं, फिजिओथेरपी, डायपर, जेवणखाण मिळून आजच्या भावानं महिना ४५,००० धरा. महागाई ६ टक्के धरली, तर वीस वर्षांनी हेच १ लाख ४४ हजार होतात.

इथं एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, पत्रात तिचा उल्लेखही नाही. राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांत, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. शेवटच्या मूळ पगाराच्या (तुमच्या बाबतीत मूळ निवृत्तिवेतनाच्या दुप्पट, ६४,०००) ३० टक्के, म्हणजे १९,२००, वर महागाई भत्ता. आजच्या हिशोबानं २९-३० हजार. ते महागाईबरोबर वाढत गेलं असं धरलं, तरी आजच्या भावानं महिन्याला १५,००० कमी पडतात, वीस वर्षांनी ४८,०००.

तुमचे २० लाख करानंतर ८ टक्क्यांनी वाढले, तर वीस वर्षांत साधारण ९३ लाख होतात. उरलेली रक्कम गुंतवलेली राहून महागाईइतकी वाढली, तर ही तूट त्यातून सोळा वर्षं भरून निघते, जास्त वाढली तर आणखी काही. तेव्हा मुलगा साठीच्या पुढं असेल. पेन्शन आणि हा निधी, दोन्ही मिळून त्याचं आयुष्य निघतं. म्हणूनच २० लाखांना मी नाही म्हणतोय.

पेन्शनच्या कागदात मुलाचं नाव आणि दिव्यांगत्वाचा दाखला नोंदवला आहे का, हे याच आठवड्यात बघा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असेल तरी पेन्शन कार्यालय कोणता दाखला मागतं ते विचारून घ्या. मग पालकत्व. अठरा वर्षांनंतर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेक घरांत माहीतच नसतं. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करा. तुमच्यानंतर मुलगी पालक व्हायला तयार आहे का, हे जावयांसमक्ष मोकळेपणानं बोला. नेमलेल्या पालकाला दरवर्षी मालमत्तेचा हिशोब द्यावा लागतो, हे संरक्षण साधं नाही. याच कायद्याखालचा निरामय आरोग्य विमा काढला नसेल तर काढा. एक लाखापर्यंतच्या त्या विम्याला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

पैशाची वाटणी मी अशी करीन: ५ लाख बँकेत मुदत ठेव, अडीअडचणीला. ११ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, त्याचं तिमाही व्याज आत्ताच्या खर्चाला. २० लाख मुलाचा निधी, निम्मा इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाच्या मागं चालणारा म्युच्युअल फंड) आणि निम्मा सरकारी रोख्यांत. तो सध्या तुमच्या दोघांच्या नावावर ठेवा, आणि मृत्युपत्रानं फक्त मुलाच्या भल्यासाठी ट्रस्ट होईल असं लिहा. सगळं मुलीच्या नावावर करून "ती बघेल" म्हणणं मला पटत नाही. ती बघेलच, पण तिचंही आजारपण, तिचाही संसार आहे. विश्वस्तांत तिच्यासोबत तुमच्याहून वीस वर्षांनी लहान असा आणखी एक माणूस असू द्या.

उरलेले २ लाख संस्थेला द्या, कसलीही अपेक्षा न ठेवता. शिवाय महिना २,००० मदतनिसांच्या पगारासाठी. इमारतीला देणगीदार मिळतात, भिंतीवर नाव लागतं. रोज पंधरा मुलांना उचलणाऱ्या, भरवणाऱ्या, पुसणाऱ्या बायांच्या पगाराला कुणी देत नाही, आणि संस्था उभी असते ती त्यांच्यावर. आपल्याच गावात १९८४ पासून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या दिव्यांगांसाठीच्या संस्थेचं काम उभं राहिलेलं आपण पाहिलंय. समाजानं वर्षानुवर्षं दिलं म्हणून ते झालं. तुमचं मन मोठं आहे, ते आवरा असं मी म्हणणार नाही.

निवासी केंद्रात मुलाला ठेवायचा विचार पुढं करायचाच असेल, तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खालची त्यांची नोंदणी आणि धर्मादाय आयुक्तांकडं दिलेले लेखापरीक्षित हिशोब मागून बघा. रात्री किती माणसं असतात ते विचारा. केंद्र सुरू झालं की आधी महिन्यातून दोन-चार दिवस त्याला तिथं राहू द्या, तुम्ही दोघं धडधाकट असताना. तिथलं जेवण, तिथली झोप त्याला मानवते का ते तेव्हाच कळेल, आणि काकूंनाही चार रात्री सलग झोप मिळेल.