तक्रारीच्या पत्राखाली 'धन्यवाद'?

प्रश्न : मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. पुरवठादारांना मराठीतूनच पत्रे, ईमेल जातात. 'आपला विश्वासू' जुनाट वाटते, म्हणून मी सगळीकडे 'धन्यवाद' लिहू लागले. परवा साहेबांनी विचारले, खराब मालाबद्दल धन्यवाद कशाचे? मग शेवटी लिहायचे तरी काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : साहेबांचा मुद्दा बरोबर आहे. धन्यवाद म्हणजे आभार. काही मिळाले असेल तरच ते मानावेत. तक्रारीखाली तो शब्द टोमणा वाटतो. विनंतीखाली चालतो, पण समोरच्याचा होकार गृहीत धरल्यासारखा दिसतो.

समोरच्याला हाक कशी मारली, यावर शेवट ठरतो. वर 'महोदय' असेल तर खाली 'आपली विश्वासू'. वर 'नमस्कार' आणि नाव असेल तर नुसते 'आपली' पुरे. 'स. न. वि. वि.'ने सुरुवात केली तर 'कळावे' शोभते. 'लोभ असावा' मात्र घरच्या पत्रांसाठी ठेवा. छापील नमुन्यात 'आपला' असेल तर खोडून 'आपली' करा. 'विश्वासू' बदलत नाही. त्यापुढे स्वल्पविराम, सहीपुरती मोकळी जागा, मग नाव आणि पदनाम. स्वतःच्या नावाआधी 'श्री.' किंवा 'सौ.' लावू नये. साहेबांच्या वतीने सही करत असाल तर 'खरेदी व्यवस्थापक यांच्याकरिता' असे लिहा, नाहीतर जबाबदारी तुमच्या नावावर पडते.

छापील पत्रात समारोप आणि सही एकटीच दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नका. मजकुराच्या दोन-तीन ओळी सोबत न्या. सहीचे सुटे पान कोणत्याही मजकुराला जोडता येते. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा असे, ती मजकूर इथे संपला हे दाखवण्यासाठीच.

खरे वजन मात्र समारोपाच्या आधीच्या वाक्यात असते. 'लवकरात लवकर माल बदलून द्यावा' यावर कोणी हलत नाही. 'नाकारलेल्या 40 नगांच्या बदली माल बुधवारी दुपारी 4 पर्यंत पोहोचवावा' असे लिहा आणि खाली 'आपली विश्वासू'. तिथे जुनाटपणाच कामी येतो, कारण त्यात ना राग दिसतो, ना लाडीगोडी.

ईमेलची उत्तरे-प्रत्युत्तरे सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरापासून नुसते नाव चालते. आपोआप उमटणाऱ्या स्वाक्षरीत 'धन्यवाद' घालून ठेवले असेल, तर ते आजच काढा.