एक जानेवारीचा उपास, तिळगूळ आणि 'शुगर फ्री'चा शिक्का

नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत आहारतज्ज्ञाकडे येणारे प्रश्न दरवर्षी तेच असतात. गूळ चालतो का, डिंकाचे लाडू कोणी खावेत, नव्या वर्षात वजन कसं उतरवायचं. विचारणाऱ्याला उत्तर बहुधा आधीच कुणीतरी फोनवर पाठवलेलं असतं आणि ते चुकीचं असतं. म्हणून यंदा हे प्रश्न एकत्रच घेते आहे.

थंडीत भूक वाढते. जेवणही वाढवावं का? (गृहिणी, सातारा)

खरी भूक असेल तर भाकरी, डाळ, भाजी वाढवा. फरसाण नाही. आणि पाणी विसरू नका, थंडीत तहान लागल्याचं कळत नाही.

३१ डिसेंबरच्या जेवणानंतर दोन दिवस 'डिटॉक्स' ज्यूस घेतला तर शरीर साफ होतं का? (वाचक, ठाणे)

नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात, बाटली विकत घ्यावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी आणि ताक पुरे. घरी दुधीचा रस काढणार असाल तर आधी कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर दुधी टाकून द्या. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

नात आठ महिन्यांची आहे. सर्दी झाली आहे. आल्याच्या रसात मध चाटवू का? (आजी, सांगली)

अजिबात नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको, बोटालासुद्धा लावून नको. मधातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सर्दीसाठी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाजरी उष्ण पडते म्हणून घरात फक्त भोगीलाच करतात. रोज खाल्ली तर? (वाचक, जळगाव)

थंडीभर खा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि सोबत गाजर, वांगी, वाल, पावटा, ओला हरभरा घालून केलेली लेकुरवाळी भाजी. असं ताट वर्षातून एकदाच का मांडायचं? धान्य, शेंगा, भाज्या आणि तीळ एकाच जेवणात येतात. बाजरीत तांदळापेक्षा लोह आणि प्रथिनं बरीच जास्त आहेत. तिच्यात तेलाचा अंशही अधिक असतो, त्यामुळे पीठ लवकर कडू होतं. आठवड्यापुरतंच दळून आणा. थायरॉइडचा आजार असेल तर मात्र दोन्ही वेळा बाजरीच असं करू नका. ज्वारी, नाचणी आलटून पालटून घ्या आणि प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारा.

मधुमेह आहे. साखर बंद केली आणि गूळ सुरू केला. संक्रांतीसाठी 'शुगर फ्री' तिळाच्या वड्याही आणल्या आहेत. ठीक ना? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

दोन्ही ठीक नाही. गुळात थोडी खनिजं असतात, पण तो बहुतांशी साखरच आहे आणि रक्तातली साखर तितकीच वाढवतो. सेंद्रिय असो, काळा असो, गुऱ्हाळावरून समोर काढून आणलेला असो. 'गूळ औषधी असतो' या एका समजुतीने माझ्याकडच्या किती रुग्णांचे आकडे बिघडलेले असतात! साखर सोडल्याचं समाधान असतं, म्हणून चहात गूळ दुप्पट पडतो.

आता ते पाकीट उलटं करा. पुढची मोठी अक्षरं जाहिरातीची असतात, कामाची माहिती मागे बारीक अक्षरांत असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिल्या तीन-चार नावांत खजुराचा पाक, मध, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा ग्लुकोज सिरप दिसलं, तर वेगळी साखर घातली नसली तरी रक्ताच्या दृष्टीने ती साखरच. माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असेल तर रक्तातली साखर थोडी कमी चढते, पण उष्मांक मिळतातच आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. फळांच्या रसाच्या पाकिटांवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये सांगितलं होतं. असे दावे किती सैल असतात ते यावरून कळेल.

साखर आटोक्यात असेल तर संक्रांतीला घरची एक लहान वडी जेवणानंतर खा, त्या जेवणातली भाकरी किंवा भात तेवढा कमी करा, आणि दोन तासांनी साखर मोजा. तो आकडा तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

वय ५४. मधुमेहाला नऊ वर्षं झाली. रोज ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतो. १ जानेवारीपासून १६ तासांचा उपास करून महिन्यात मधुमेह 'रिव्हर्स' करायचं ठरवलं आहे. मित्राने तक्ता दिला आहे: रात्री ८ नंतर काही खायचं नाही, पहाटे ५ ला तासभर चालायचं, दुपारी १२ ला जेवायचं. त्याला फायदा झाला. मग गोळ्या सोडून देईन. डॉक्टरांकडे फेब्रुवारीत जाणारच आहे. (वाचक, पुणे)

फेब्रुवारीत नाही, उपास सुरू करण्याच्या आधी जा. या सदरातलं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती पाहत नाही. रात्री ८ नंतर पोट रिकामं, सकाळी सवयीने गोळी घेतलेली, त्यात चालण्याने स्नायूंनी उरलीसुरली साखर ओढून घेतलेली. अशा वेळी रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडतं, मग बोलणं असंबद्ध होतं, शुद्धही जाऊ शकते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवतही नाही. पहाटेच्या अंधारात, टेकडीवर एकट्याने हे झालं तर कोण धावून येणार?

मित्राला फायदा झाला असेल. तो फक्त मेटफॉर्मिनवर असेल तर त्याला हा धोका फारच कमी. मधुमेहावरचीच डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेणाऱ्याचा धोका आणखी वेगळा. लांबलेल्या उपासात किंवा भाकरी-भात एकदम तोडल्यावर त्याच्या रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेलाही नसतो, त्यामुळे निदानाला उशीर होतो. गोळ्यांची नावं न पाहता एकाचा तक्ता दुसऱ्याने वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून गाडी चालवणं आहे.

वजन उतरवून मधुमेह मागे हटतो, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. आहार बदलून वजन उतरवणाऱ्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांची साखर वर्षाअखेर औषधांशिवाय आटोक्यात होती. पण त्या सगळ्यांचं निदान गेल्या सहा वर्षांच्या आतलं होतं, इन्सुलिनवर कोणीही नव्हतं, आणि औषधं थांबवली होती ती वैद्यकीय देखरेखीखाली. पैसे घेऊन 'रिव्हर्सल'चे कोर्स विकणारे हा तपशील सांगत नाहीत. महिन्याभरात उपाशीपोटीचा एक आकडा खाली आला की अभिनंदनाचा संदेश पाठवतात. एचबीएवनसी ही रक्तचाचणी साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. एका महिन्यात त्यावर निकाल लागत नाही.

नऊ वर्षांत डोळ्यांचा पडदा तपासला आहे का? मूत्रपिंडांची स्थिती कळावी म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन? नसेल तर नव्या वर्षाचा पहिला संकल्प हाच करा. गोळ्यांची पट्टी आणि मित्राचा तक्ता दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. डोस कमी करून, वेळ बदलून कदाचित ते उपासाला परवानगी देतीलही. तोवर रात्रीचं जेवण साडेसातला घ्या, सकाळी नाश्ता करून चाला, खिशात साखर ठेवा.

साखर उतरल्याची लक्षणं दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. लाडू किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. आकडा वर आला की काहीतरी खाऊन घ्या, कारण या गोळीचा परिणाम काही तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.

सुनेचं बाळंतपण होऊन दोन महिने झाले. गरोदरपणात साखर वाढली होती, आता ती गेलीच. डिंकाचे लाडू रोज दोन देते. आणखी काय द्यावं? (सासूबाई, नागपूर)

गेली हे कोणी तपासलं? बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन चाचणी करायची असते. बाळाच्या गडबडीत ती राहून जाते. ही तपासणी याच आठवड्यात करून घ्या. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका कायम असतो, म्हणून नंतरही ठरावीक काळाने तपासत राहावं लागतं. निकाल येईपर्यंत लाडू थांबवा. बाळंतिणीला चांगलं खायला द्यायचंच आहे, तर बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, खोबरं-लसणाची चटणी, मुगाचं वरण आणि दूध द्या. निकाल चांगला आला तर सुपारीएवढा एक लाडू पुरे, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच.

'ड' जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी दर रविवारी घेते. वर्ष होत आलं. थंडीत हाडं दुखतात म्हणून चालू ठेवली आहे. (वाचक, ठाणे)

थांबवा. ही पुडी साधारण आठ आठवड्यांसाठी लिहून देतात, मग डोस बदलतो. वर्षभर आपल्या मनाने घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, मुतखडा, मूत्रपिंडाला इजा असं काहीही होऊ शकतं. 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही तपासून डॉक्टरांना भेटा. दुखणं कशाचं आहे तेही तेच सांगतील.

आई ७२ वर्षांची, रक्तदाब आहे. सुट्टीत सोलापूरजवळ हुरडा खायला न्यायचं आहे. नेऊ का? (वाचक, पिंपरी)

जरूर न्या. कोवळा हुरडा गरम असतानाच खायला द्या, दाण्याच्या चटणीपेक्षा दही जास्त वाढा, कारण चटणीत मीठ बरंच असतं. कवळी असेल तर सावकाश चावू द्या, दाणे घशात अडकू शकतात. गार वाऱ्यात रक्तदाब वाढतो, म्हणून कानटोपी आणि स्वेटर हवाच. सकाळची गोळी प्रवासाच्या गडबडीत चुकवू नका. निघण्यापूर्वी रक्तदाब मोजा, आणि वरचा आकडा १६० च्या पुढे दिसला तर आधी डॉक्टरांशी बोला.