आधी ताईंना मातीत बसू दे

अगं,

तुझा ट्रेनिंगचा प्लॅन नीट वाचला. मेहनत घेतलीयस हे दिसतं, पण एक गोष्ट आधी सांगून टाकते, विषय आहे निसर्गातला मोकळा खेळ आणि पाच दिवसांतले जवळपास चार दिवस तू बालवाडीच्या ताईंना हॉलमध्ये बसवलंयस! हे उलटं कर. पीपीटी एका सकाळीत उरकते, बाकी सगळं बाहेर घे. जिने लहानपणानंतर कधी चिखलात हात घातलेला नाही ती मुलांना चिखलात कशी सोडेल, तिला कितीही थिअरी सांग, मूल वाकलं की तिच्या तोंडून पहिल्यांदा "अरे हात घाण होतील" हेच निघणार, आणि त्यात तिचा काही दोष नाही, तिनेही आयुष्यभर तेच ऐकलंय.

म्हणून पहिल्या दिवशी शिकवूच नकोस. मोकळ्या जागेत माती, पाणी, बादल्या, काटक्या, दोऱ्या, जुनी कापडं असं काय काय ठेव आणि सांग, तासभर खेळा. सुरुवातीला सगळ्या अवघडतील, कुणी फोन काढेल, कुणी येऊन विचारेल "मॅडम, नक्की करायचं काय?" तू काहीही सुचवू नकोस, थांब. मग कुणीतरी पाण्याला वाट काढायला बसते, दुसरी पुढे बांध घालते, बांध फुटतो, आरडाओरडा होतो, आणि तासाभराने बोलावलं तर उठायला तयार नसतात. तेव्हा गोल करून बसव आणि एवढंच विचार, की तुम्ही बांध घालत असताना मी मधेच येऊन "ही काठी लांब की आखूड, सांगा बरं" असं म्हटलं असतं तर कसं वाटलं असतं? या प्रश्नावर जी चर्चा होते ती कुठल्याही स्लाइडवर होत नाही गं, कारण आपण रोज मुलांचा खेळ असाच तोडतो हे त्यांचं त्यांनाच कळतं.

थिअरी यानंतर. ब्रिटिश कलाकार सायमन निकोलसनने 1971 मध्ये सुट्ट्या वस्तूंची कल्पना मांडली, म्हणजे जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा गोष्टी जितक्या जास्त तितका मुलांच्या कल्पकतेला वाव जास्त, ती तेव्हा सांग, हाताला माती असताना लगेच पटते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ 1943 मध्ये सोरेनसन या उद्यान-रचनाकाराने भंगार-लाकडाचं खेळाचं मैदान उभं केलं कारण मुलं तयार मैदानांपेक्षा बांधकामाच्या जागी जास्त रमतात हे त्याने पाहिलं होतं, तेही सांग. आणि कुणी "हे नवीन फॅड आहे" म्हणालं तर जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलपासून सुरू कर, त्याने 1840 मध्ये किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं आणि मुलांना खरोखरची बाग दिली. मार्गारेट मॅकमिलनने लंडनच्या गरीब वस्तीत 1914 मध्ये उघड्या हवेतली बालशाळा चालवली आणि तिथेच शिक्षिकाही घडवल्या. आपल्या ताराबाई मोडकांनी तर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली.

आता रिस्क. यावर तुझ्या प्लॅनमध्ये फक्त अर्धा तास आहे, मी अर्धा दिवस देईन. ताईंची खरी भीती इथेच असते, मूल पडलं तर पालक काय म्हणतील, संस्था मला जबाबदार धरेल का, आणि ही भीती खोटी नाही, तिला "घाबरू नका" म्हणून उडवून लावू नकोस. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटरने 2007 मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारदार किंवा अवजड हत्यारं, पाणी-आगीसारख्या गोष्टी, कुस्ती-मस्ती, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. प्रत्येकीला विचार, यातलं लहानपणी तू काय काय केलंस. बहुतेक जणींनी सगळंच केलेलं असतं.

मग त्यांना घेऊन जागेवर फिर आणि दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकव. एक, जी जोखीम मुलाला दिसते आणि ते स्वतः तोलू शकतं, जसं फांदीवर अजून एक पाय वर टाकायचा की नाही. दुसरी, जी त्याला दिसतच नाही, कुजलेली फांदी, गवतातली काच, झाकण नसलेली टाकी, कण्हेर. कण्हेरीचं पान, फूल, खोड सगळं विषारी, आणि चंद्रज्योतीच्या बिया मुलं शेंगदाण्यासारख्या खातात, ही झाडं ताईंना नुसती ऐकून नाही तर बघून ओळखता आली पाहिजेत. दुसऱ्या प्रकारचा धोका मुलं यायच्या आधी आपण काढायचा, पहिला ठेवायचा, आणि जवळ उभं राहायचं. "पडशील!" ओरडण्याऐवजी "आता पाय कुठे ठेवशील?" विचारायचं. ओरडलं की मूल आपल्याकडे बघतं आणि नेमकं तेव्हाच पाय सुटतो. प्रथमोपचार मात्र डॉक्टर किंवा नर्सकडूनच शिकवून घे, त्यात काटकसर नको.

निरीक्षणाचा सराव रोज ठेव. एका ताईने एका मुलाकडे वीस मिनिटं बघायचं, बोलायचं नाही, फक्त जे दिसलं ते लिहायचं. पहिल्या दिवशी सगळ्या "मजेत खेळत होता" लिहितील, ते परत कर. "डबा भरला, उताराच्या वरून ओतला, पाणी कुठे गेलं बघायला धावला, परत भरून या वेळी खालून ओतला" असं हवं, कारण यातच दिसतं की तो उतार आणि प्रवाह तपासतोय. पालक जेव्हा विचारतात "बाहेर खेळून शिकतो काय?" तेव्हा ताईच्या हातात हीच वही हवी, तिने वाचून दाखवली की निम्मे पालक तिथेच गप्प बसतात, खरंच. कपड्यांची कुरकुर तरी राहतेच, त्यासाठी कपड्यांचा एक जादा जोड शाळेतच ठेवायला सांग.

रोज नवी जागा, नवी ॲक्टिव्हिटी हा सोस सोड. त्याच झाडाकडे आठवडाभर जा. मुंग्यांची रांग काल इथून जात होती, आज नाही, असं का, हा प्रश्न तीच जागा पुन्हा पाहिल्याशिवाय पडतच नाही. आणि ज्या मुलाला बाहेर यायचंच नसतं, मातीचा स्पर्श नको वाटतो, त्याला ओढू नका, कडेला चटई टाकून बसू द्या, हेही ताईंना आवर्जून सांग.

पाच दिवस संपले की काम संपलं असं धरू नकोस. महिन्याभराने प्रत्येकीच्या बालवाडीत जाऊन उभी राहा, कारण नवा उत्साह आणि जुनं टाइमटेबल यांची खरी गाठ तिथे पडते, बहुतेक वेळा मोकळा खेळ आकसून पंधरा मिनिटांवर आलेला असतो. तेव्हा मुख्याध्यापिकेशी तू बोल, ताईला एकटीला भांडायला लावू नकोस. खरं तर मुख्याध्यापिकेला एक दिवस ट्रेनिंगलाच बोलाव, चिखलाच्याच दिवशी.

जागा ठरली की कळव. पाणी कुठून येणार, सावली किती वाजेपर्यंत टिकते आणि हात धुवायची सोय काय, या तिन्हीची उत्तरं आधी पाठव, मग बाकीचं वेळापत्रक आपण फोनवर बसून लावू.