पहिल्या टॅबचे पैसे अजून फिटायचे आहेत

सांगलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीला पुण्यात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. दुकानदाराने कीबोर्ड आणि पेनसह ६२,००० रुपयांचा टॅब दाखवला असून क्रेडिट कार्डावर नऊ महिन्यांचे ‘बिनव्याजी’ हप्ते करून देतो, तीन वर्षांनी निम्मी किंमत सहज परत येईल, असे सांगितले आहे. टॅब घ्यावा की लॅपटॉप, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. मात्र पत्राच्या शेवटी त्या लिहितात: “कार्डावर आधीचे ९२,००० आहेत. मुलगी अकरावीत असताना ऑनलाइन शिकवणीचे ७४,००० चे पॅकेज घेतले होते, त्यावर टॅब मोफत होता. किमान रक्कम आम्ही न चुकता भरतो. दोन लाखांची एफडी आहे, पण ती लेकीच्या लग्नाची म्हणून मोडायची नाही, असे यजमानांचे म्हणणे आहे. कारखान्याकडून त्यांच्या पगाराचा थकलेला फरक या दिवाळीला तरी मिळेल, त्यात कार्ड फिटेल.” सोबत कार्डाच्या बिलाची प्रत जोडली आहे.

आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. लॅपटॉप घ्या. वैद्यकीय किंवा कायद्याच्या विद्यार्थ्याला वाचन आणि टिपणे यांसाठी टॅब उत्तम. पण संगणक अभियांत्रिकीत प्रोग्राम लिहायचे, ते चालवून पाहायचे, डेटाबेस बसवायचे आणि पुढे एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालवायचे असते. दुकानातला टॅब मोबाइलच्या प्रणालीवर चालतो आणि त्यावर ही कामे एक तर होत नाहीत किंवा ओढूनताणून होतात. कीबोर्ड जोडला म्हणून टॅबचा लॅपटॉप होत नाही. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि मधल्या श्रेणीचा प्रोसेसर एवढे पुरेसे आहे. त्यासाठी ५२,००० च्या आसपास धरा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, म्हणून ‘आता ८ घ्या, पुढे बघू’ या सल्ल्याला हो म्हणू नका. खरेदी कॉलेज सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी करा, कारण वरच्या वर्गातल्या मुलांना काय लागते ते दुकानदारापेक्षा नक्की ठाऊक असते.

आता न विचारलेल्या प्रश्नाकडे येतो, कारण तुमचा पैसा तिथे गळतो आहे.

तुमच्या बिलावर व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के छापलेला आहे. ९२,००० वर ते ३,२०० रुपये झाले, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला की ३,८०० च्या घरात जाते. तुम्ही दरमहा साडेचार हजार भरता, म्हणजे मुद्दल जेमतेम सातशे रुपयांनी कमी होते आणि तेवढ्यात पेट्रोलचे दोन हजार त्याच कार्डावर पुन्हा चढतात. २२ महिन्यांत तुम्ही सुमारे एक लाख रुपये भरलेत, त्यांतले पाऊण लाख व्याजात आणि करात गेले आणि ७४,००० चे ९२,००० झाले. ‘मोफत’ टॅबचे पैसे अजून फिटलेले नाहीत आणि तुम्ही दुसऱ्या टॅबचा भाव विचारता आहात. तो पहिला टॅब कुठे आहे, हे पत्रात नाही. माझा अंदाज कपाटाचा आहे. कंपनीचे ॲप सोडून त्यावर दुसरे काही चालते का, एवढे एकदा पाहा. चालत असेल तर पीडीएफ वाचायला तो पुरेल आणि मुलीची टॅबची हौसही त्यात भागेल. दुकानदाराला मात्र आज त्याचे किती देता, ते जरूर विचारा, म्हणजे तीन वर्षांनी निम्मी किंमत परत येण्याचे आश्वासन किती वजनाचे आहे ते कळेल.

‘किमान रक्कम न चुकता भरतो’ हे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड लांबत जाईल आणि व्याजावर व्याज चढेल, असा इशारा बिलावर छापावाच लागतो. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत तो दुसऱ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. शिवाय थकबाकी असलेल्या कार्डावर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पेट्रोलच्या दोन हजारांवर त्या दिवसापासून व्याज लागते.

‘बिनव्याजी’ हप्त्यांबद्दल थोडक्यात सांगतो. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. अशा योजनेत व्याज लागतेच, तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येते. ही रक्कम हजाराच्या आसपास असेल, तिने तुम्ही बुडणार नाही. खरी अडचण अशी की ६,९०० चा प्रत्येक हप्ता किमान रकमेत पूर्ण मिळवला जातो, म्हणजे साडेचार हजारांचे साडेअकरा हजार होतात. यजमानांच्या हाती येणाऱ्या ४८,००० पगारातून हे कसे निघणार, ते पत्रात लिहिलेले नाही.

आता एफडीविषयी. सात टक्क्यांनी दोन लाखांवर वर्षाला १४,००० मिळतात, तेही कर कापण्यापूर्वीचे. त्याच वर्षात कार्ड तुमच्याकडून ४५,००० घेऊन जाते, म्हणजे जवळजवळ एक लॅपटॉप. मुदतीपूर्वी मोडल्यास बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात. दोन लाखांवर एका वर्षाचे ते फार तर २,००० होतात आणि कार्डाचे एका महिन्याचे व्याज त्याहून जास्त आहे. लेकीच्या लग्नाची म्हणून जपलेली ही ठेव रोज थोडी थोडी कार्ड कंपनीला जाते आहे, हे यजमानांना याच आकड्यांत दाखवा. तरीही मन होत नसेल, तर त्याच ठेवीवर कर्ज घ्या. ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त व्याज पडेल, म्हणजे ९२,००० वर महिन्याला सातशे रुपयांच्या आसपास.

माझे मत मात्र मोडण्याचेच आहे. ९२,००० कार्डाला आणि ५२,००० लॅपटॉपला रोखीने दिल्यावर ५६,००० उरतात. ते अडीअडचणीला बचत खात्यात राहू द्या, कारण यजमानांचा पगार थकतो, हे तुम्हीच लिहिले आहे. टॅब घेतला असता तर दरमहा साडेअकरा हजार भरायची तुमची तयारी होतीच. ती पेलणारी असेल, तर तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत टाका, म्हणजे १३ महिन्यांत, उरलेले ५६,००० धरून, पुन्हा दोन लाख जमतील. न पेलली तर साडेचार हजार तर आजही भरताच आहात, तेवढे टाका; वेळ जास्त लागेल, पण पैसे तुमचेच राहतील. फीसाठी शैक्षणिक कर्ज घेत असाल, तर अभ्यासक्रमाला लागणारा संगणक त्यात बसवता येतो का, ते शाखेत विचारून घ्या.

थकलेल्या फरकाविषयी एवढेच म्हणतो. तुम्ही ‘या दिवाळीला तरी’ असे लिहिले आहे आणि त्या ‘तरी’त मला गेली दिवाळी दिसली. तो मिळाला तर एफडीत घाला. हिशेबात मात्र आज शून्य धरा.

वाढीव वॉरंटीचे ४,९९९ आणि बिलात दरवर्षी लागणारे ‘कार्ड संरक्षण योजने’चे १,८०० दोन्ही नको. ती योजना बंद करण्याची विनंती लेखी द्या. कार्ड फेडताना बिलावरचा आकडा भरू नका, त्या दिवशीची पूर्ण येणे रक्कम विचारून ती भरा. तरीही पुढच्या बिलात काहीशे रुपयांचे मागले व्याज येऊ शकते. ते पाहून घाबरू नका आणि तेही पूर्ण भरा, किमान नव्हे.